गुंठाभर जमीन आणि आकाशातले डोळे

गुंठा हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्याचे माप आले कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. तेहेतीस फूट लांब आणि तेहेतीस फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. या तेहेतीस फुटांमागे एक साखळी आहे. १८३५ साली पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जमिनीची नवी पाहणी सुरू झाली. त्या पाहणीची साखळी तेहेतीस फुटांची होती. तिचे सोळा भाग पाडलेले असत आणि प्रत्येक भागाला आणा म्हणत. साखळी फिरून गेली की मागून प्रतवारी करणारा माणूस येई. तो मातीचा रंग पाही, खोली पाही, चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार किती, पाणी साचते का, असे दोष टिपी. मग या सगळ्यांचा हिशेब घालून जमिनीची प्रत आण्यांमध्ये ठरवी.

पावणेदोनशे वर्षांहून जुनी ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे की आता आपल्या शेताची प्रत आकाशातूनही ठरते आहे. युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह जी चित्रे पाठवतात, त्यांतल्या सर्वांत बारीक ठिपक्याची बाजू दहा मीटर असते. तेहेतीस फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंटिमीटर. म्हणजे सातशेहून अधिक किलोमीटर उंचीवरून फिरणारा तो डोळा आपली जमीन जवळजवळ गुंठ्यागुंठ्यानेच पाहतो! हा अर्थात योगायोग. पण दुसरे साम्य योगायोगाचे नाही. त्या प्रतवारी करणाऱ्या माणसासारखेच आजचे संगणकही निरनिराळे पुरावे गोळा करतात, त्यांचा मेळ घालतात आणि निकाल देतात की इथे भात आहे, इथे ऊस, इथे पाणी, इथे काहीच नाही. यंत्राला हे शिकवायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. मी कलाशाखेचा पदवीधर आणि कवितेचा माणूस. मला या इतिहासात रस वाटतो तो एका प्रश्नामुळे. एकाच गोष्टीबद्दल अनेक साक्षीदार वेगवेगळे बोलत असतील, तर खरे कुणाचे मानायचे?

या कहाणीच्या सुरुवातीला एक रोगट झाड आहे. १९७० साली केरळातल्या नारळाच्या बागा मूळकुजीसारख्या एका मर रोगाने ग्रासल्या होत्या. रोग आतून पोखरत जाई आणि झावळ्या पिवळ्या पडेपर्यंत बागाईतदाराला पत्ता लागत नसे. तेव्हा पिशारोटी या शास्त्रज्ञांनी हेलिकॉप्टरमधून बागांची छायाचित्रे घेतली, पण साध्या फिल्मवर नव्हे, तर अवरक्त किरण टिपणाऱ्या फिल्मवर. निरोगी पान डोळ्यांना हिरवे दिसते, परंतु त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात ते अवरक्त किरण परत फेकते. ते किरण आपल्याला दिसत नाहीत. पान आजारी पडले की हे परत फेकणे कमी होते. जी माडे अजून हिरवीगार दिसत होती, त्यांतली कोणती आजारी आहेत हे त्या छायाचित्रांनी दाखवले. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून धरतात. हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते, हेही सांगायला हवे.

त्याच वर्षी अमेरिकेत मक्यावर करपा पडला आणि देशातले सुमारे पंधरा टक्के पीक गेले. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, सात राज्यांत विमानांतून मक्याची टेहळणी झाली. यातला वेगळा भाग पर्ड्यू विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने केला. विमानातल्या यंत्राने एकाच शेताची नोंद प्रकाशाच्या अनेक पट्ट्यांत घ्यायची, आणि कोणते शेत किती आजारी आहे हे माणसाने नव्हे, तर संगणकाने ठरवायचे. त्यासाठी संगणकाला आधी उदाहरणे दाखवावी लागत. माणसे शेतात जाऊन पाहून येत की हे निरोगी, हे थोडे करपलेले, हे गेलेले. या नोंदींना 'जमिनीवरचे सत्य' असे नाव पडले आणि शिकवण्यासाठी निवडलेल्या शेतांना 'प्रशिक्षणाची शेते'. आज आपण ज्याला मशीन लर्निंग म्हणतो, त्याचे बी इथे आहे. नियम सांगायचे नाहीत, उदाहरणे दाखवायची आणि नियम यंत्राने शोधायचा.

मग २३ जुलै १९७२ रोजी लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह वर गेला. त्यावर दोन उपकरणे होती. मान होता तो टेलिव्हिजनसारख्या तीन कॅमेऱ्यांना. दुसरे उपकरण म्हणजे एक हलणारा आरसा, सेकंदाला सुमारे तेरा वेळा डावी-उजवीकडे डोलणारा. ते व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंता बाईंच्या नेतृत्वाखाली घडले होते आणि हलत्या आरशावर अनेकांचा विश्वास नव्हता. पण झाले उलटेच. विजेच्या बिघाडामुळे कॅमेरे काही आठवड्यांतच बंद करावे लागले आणि बाईंचा आरसा काम करत राहिला. आरसा जमिनीचे चित्र काढत नव्हता, आकडे पाठवत होता. प्रत्येक ठिपक्यासाठी चार आकडे: हिरव्या प्रकाशाचा एक, तांबड्याचा एक आणि अवरक्ताचे दोन. जमीन आकड्यांत उतरली आणि संगणकाला ती वाचता येऊ लागली.

तो ठिपका मात्र सुमारे ऐंशी मीटरचा होता, म्हणजे दीड एकराहून मोठा. १९७४ ते १९७७ या काळात अमेरिकेने या उपग्रहांच्या आधाराने जगातल्या गव्हाचा अंदाज बांधण्याचा मोठा प्रयोग केला. त्याआधी १९७२ मध्ये सोव्हिएत संघाने अमेरिकेकडून प्रचंड धान्य खरेदी केले होते आणि त्यांच्याकडे पीक बुडाल्याचा पत्ता अमेरिकेला उशिरा लागला होता. १९७७ चा सोव्हिएत गव्हाचा अंदाज या प्रयोगाने बराच अचूक सांगितला. अफाट, सलग शेतांत यंत्राची नजर चालली. परंतु अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात जिथे शेते अरुंद पट्ट्यांची होती, तिथे ती अडखळली. एका ठिपक्यात अर्धा गहू आणि अर्धी पडीक जमीन आली, तर ठिपका ना गव्हाचा ना पडिकाचा. कॅनडातल्या पट्ट्यांची ही गत, तर आमच्या वाटण्या झालेल्या वावरांचे काय? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार भारतात सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर आहे, म्हणजे पावणेतीन एकरांच्या आतच.

दुसरी अडचण ढगांची. आपले मुख्य पीक खरिपाचे. पेरणीपासून पोटरीपर्यंत आभाळ भरलेले असते. प्रकाशावर चालणारा उपग्रह कितीही चांगला असला, तरी त्याला वरून ढगांची पाठ दिसते. म्हणून दुसऱ्या जातीचा डोळा हवा होता. जून १९७८ मध्ये अमेरिकेने सीसॅट नावाचा उपग्रह सोडला. त्यावरचे रडार स्वतःच सूक्ष्म लहरी खाली पाठवी आणि परत आलेला प्रतिध्वनी टिपी. त्याला सूर्य लागत नव्हता, ढगांची अडचण नव्हती. हा उपग्रह १०५ दिवसच चालला, पण वाट दाखवून गेला. आपला भास्कर उपग्रह ७ जून १९७९ रोजी सोव्हिएत भूमीवरून उडाला, त्यावरही दोन जातींची उपकरणे होती: टेलिव्हिजन कॅमेरे आणि सूक्ष्म लहरी मोजणारा रेडिओमीटर. पुढे १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा आपला दूरसंवेदन उपग्रह आला आणि २०१२ मध्ये रिसॅट-१ हा भारतीय बनावटीचे रडार घेऊन गेला.

आता बघा, हे दोन डोळे एकच गोष्ट पाहत नाहीत. प्रकाशाचा डोळा पानाचा रंग ओळखतो, म्हणजे झाडाची तब्येत सांगतो. रडारला रंग कळत नाही. त्याला कळतो खडबडीतपणा, ओलावा, झाडाची ठेवण. शांत पाणी लहरी दुसरीकडे परावर्तित करते, म्हणून रडारच्या चित्रात ते काळे दिसते. भाताच्या खाचरात चिखलणीच्या वेळी पाणी असते तेव्हा ते काळे, आणि रोप वाढत गेले की उजळत जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, तेव्हा आभाळ झाकलेले होते. अशा वेळी पाण्याची हद्द दाखवू शकते ते रडारच.

पण दोघेही चुकतात. रडारला गुळगुळीत डांबरी धावपट्टीही पाण्यासारखी काळी दिसते. प्रकाशाच्या डोळ्याला ढगाची सावली पाण्यासारखी वाटते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दोघांच्या चुका वेगळ्या आहेत. धावपट्टीला पाणी समजणारा साक्षीदार सावलीला फसत नाही, आणि सावलीला फसणारा धावपट्टीला फसत नाही. दोघांना एकत्र बसवले, तर एकाची चूक दुसरा पकडू शकतो. अनेक संवेदकांची चित्रे एकत्र वाचण्यामागचे सगळे तत्त्व एवढेच.

मात्र त्यांना एकत्र बसवणे सोपे नव्हते. जुन्या संख्याशास्त्रीय पद्धतीत प्रत्येक साक्षीदाराचे आकडे कसे विखुरलेले असतात हे आधी गृहीत धरावे लागे, आणि कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचे हेही माणसाने सांगावे लागे. १९९० मध्ये पर्ड्यू विद्यापीठातच बेनेडिक्टसन, स्वेन आणि एर्सोय यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. कोलोरॅडोच्या डोंगराळ जंगलाची उपग्रहचित्रे, जमिनीची उंची, उतार आणि उताराची दिशा, असे चार निरनिराळे पुरावे त्यांनी न्यूरल नेटवर्कला दिले. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेली ही गणिती रचना. तिचे साधे रूप फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्येच मांडले होते आणि अनेक थरांचे जाळे शिकवण्याची रीत १९८६ नंतर सर्वत्र पसरली. या जाळ्याला पुराव्यांचे वजन आधी सांगावे लागत नव्हते. उदाहरणे पाहता पाहता ते स्वतःच ठरवी की इथे उंचीचे ऐकावे, तिथे रंगाचे. किंमत दोन प्रकारची होती. शिकायला फार वेळ लागे, आणि दाखवलेली उदाहरणे त्या प्रदेशाची खरी प्रतिनिधी नसतील, तर शिकणे फुकट जाई. पहिली अडचण वेगवान संगणकांनी बरीच सोडवली. दुसरी आजही आहे.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती तंत्राची नव्हती, धोरणाची होती. लँडसॅटचे एक चित्र घ्यायला सहाशे डॉलर पडत. २००८ मध्ये अमेरिकेने ती सगळी चित्रे फुकट खुली केली. युरोपने २०१४ मध्ये सेंटिनेल-१ हे रडार आणि २०१५ मध्ये सेंटिनेल-२ हा प्रकाशाचा डोळा वर पाठवला, आणि दोन्हींची चित्रे पहिल्यापासून विनामूल्य ठेवली. एकाच गावाची दर थोड्या दिवसांनी दोन्ही जातींची चित्रे कुणालाही मिळू लागली. शिकणाऱ्या यंत्राला अखेर पोटभर उदाहरणे मिळाली. चित्रे झाली अमाप, पण त्यांवर 'इथे हे पीक आहे' असे लिहिणारी माणसे तेवढी कुठून आणायची?

यावर अलीकडे निघालेली युक्ती मला फार आवडते, कारण ती आपल्या शाळेतल्या 'गाळलेल्या जागा भरा' सारखी आहे. चित्राचे काही तुकडे झाकायचे आणि उरलेल्यावरून झाकलेले काय असेल ते यंत्राला ओळखायला लावायचे. लाखो वेळा हे केले की कुणी नावे न सांगताही यंत्राला जमिनीची रीत कळू लागते, म्हणजे नदीच्या कडेला काय असते, पेरणीनंतर काय येते. मग थोडी खरी उदाहरणे दाखवली की ते पिके किंवा पूर ओळखायला शिकते. ऑगस्ट २०२३ मध्ये आयबीएम आणि नासा यांनी असे एक मॉडेल खुले केले. त्याचे नाव 'पृथ्वी'. लँडसॅट आणि सेंटिनेल-२ या दोन वेगळ्या घराण्यांची चित्रे जुळवून घेऊन ते शिकवले होते. गंमत अशी की नाव पृथ्वी असले, तरी त्या पहिल्या आवृत्तीने शिकताना पाहिली होती ती अमेरिकेचीच भूमी. सगळ्या जगातली उदाहरणे घेतलेली दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२४ मध्ये आली. २०२४ मध्येच म्युनिकच्या संशोधकांनी डोफा नावाचे मॉडेल मांडले. त्याला चित्राबरोबर त्या संवेदकाची तरंगलांबीही सांगितली जाते. त्यामुळे डोळा बदलला, तरी नवे यंत्र बांधावे लागत नाही.

३० जुलै २०२५ या एका दिवशी दोन गोष्टी घडल्या. श्रीहरिकोट्याहून इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह उडाला. त्यावर दोन वेगळ्या तरंगलांबींची दोन रडारे आहेत, एक त्यांचे, एक आपले. आणि त्याच दिवशी गूगल डीपमाइंडने अल्फाअर्थ नावाचे मॉडेल जाहीर केले. प्रकाशाची चित्रे, रडार, लेझरने मोजलेली उंची, हवामान असे अनेक पुरावे वाचून ते दहा मीटरच्या प्रत्येक चौकटीसाठी वर्षाला चौसष्ट आकड्यांचा एक सारांश देते. म्हणजे गुंठ्यामागे चौसष्ट आकडे. या आकड्यांपैकी एकाचाही अर्थ 'काळी माती' किंवा 'चुनखड' असा सुटा सांगता येत नाही. इंदापूरच्या प्रतवारीवाल्याला निदान विचारता येत होते, की बाबा, दोन आणे कशाचे कापलेस?

इथे प्रश्न आपल्या दारात येतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाचा अंदाज काढताना तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला तीस टक्के वजन देण्याचे ठरले. २०२४ मध्ये त्यात सोयाबीनची भर पडली. बाकीचे वजन पीक कापणी प्रयोगाला, म्हणजे शेतात जाऊन ठरावीक तुकडा कापून, मळून, तोलून केलेल्या मोजणीला. विम्याची भरपाई मिळणार की नाही, हे या बेरजेवर ठरते. आकाशातल्या डोळ्याची साक्ष आता कागदावरची राहिलेली नाही, ती कुणाच्या तरी दिवाळीवर परिणाम करते.

पीक कापणीच्या पद्धतीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. १९४६ मध्ये त्यांनी दाखवले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला, तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त भरते, कारण कडेवरची रोपे मोजणारा नकळत आत धरतो. हा धडा यंत्रांच्या काळात अधिकच मोलाचा आहे. जमिनीवरचे सत्यही आपोआप सत्य नसते, ते नीट मोजावे लागते. आणि यंत्र शिकते ते त्याच मोजमापांवरून. युरोपातल्या दहा देशांच्या जमिनीवरून घडवलेला बिगअर्थनेट नावाचा एक प्रसिद्ध चित्रसंग्रह आहे. त्यावर शिकलेले यंत्र कापसात तूर, तुरीत मूग आणि बांधावर भेंडी पाहून काय समजेल? एका गुंठ्यात तीन पिके हा आमचा रोजचा व्यवहार, त्याच्या लेखी ती गफलत.

गोल्डस्मिड-विंगेट यांच्या आधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये अशीच एक पाहणी केली होती. तिचे गणित देखणे होते. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा तपशीलवार हिशेब काढून त्यावर सारा ठरवायचा. १८३० च्या सुमारास ती लागू झाली. पण गणिताला पुरवलेल्या शेतावरच्या नोंदीच चुकीच्या आणि फिरवलेल्या होत्या. सारा डोईजड झाला, इंदापूर भागातले शेतकरी जमिनी टाकून निघून गेले आणि काही वर्षांतच ती पाहणी सोडून द्यावी लागली. १८३५ ची साखळी त्या ओसाड पडलेल्या शेतांतून फिरली होती.

यंत्रांना विरोध करावा, असे मला सुचवायचे नाही. ढगांआडचे पीक पाहणारा डोळा हा खरिपावर जगणाऱ्या मुलखासाठी आधारच आहे. विमा कंपनीच्या माणसाने न पाहिलेले नुकसान तो पाहू शकतो, आणि तलाठ्याच्या नजरेतून सुटलेला वाहून गेलेला बांधही. माझे म्हणणे इतकेच आहे की एका डोळ्यावर विसंबू नये हे यंत्राला शिकवण्यात शास्त्रज्ञांनी इतकी वर्षे घातली, तर त्याच न्यायाने शेतकऱ्यालाही साक्षीदारांत बसवायला हवे. ज्या गावाचा आकडा आकाशातून आला, त्या गावाच्या चावडीवर तो नकाशा लागावा. माझ्या गटात भात दाखवला आहे आणि मी पेरले सोयाबीन, असे कुणाला म्हणायचे असेल, तर त्याची नोंद व्हावी, कुणीतरी बांधावर येऊन पाहावे आणि ती दुरुस्ती परत यंत्रापर्यंत पोचावी. त्याने यंत्रही सुधारेल, कारण त्याला हवी असतात ती खरी उदाहरणेच. कोकणातल्या खाचराची आणि मराठवाड्यातल्या तुरीच्या ओळीची उदाहरणे म्युनिकमध्ये मिळणार नाहीत. ती आपल्यालाच द्यावी लागतील, गुंठ्यागुंठ्याने.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)